घाबरवणारा फ्लेक्स लावू की नको?

सुईदोरा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीत शिवणवर्ग चालवते. वर्गाच्या खोलीत महिन्यातून एकदा लसीकरणाचं सत्र भरतं. जागा आमची, लस आणि सिस्टर महापालिकेच्या आरोग्य केंद्राच्या. मागच्या महिन्यात आशाताईंच्या यादीत २६ मुलं होती. आली ९. न आलेल्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलेली सगळ्यात जास्त, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांची. पहिल्या वर्षी आया नेमाने येतात. मूल चालायला लागलं की कार्ड पेटीच्या तळाशी जातं.

वस्तीतला एक मुलगा फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. त्याने आपल्या पैशांनी फ्लेक्स करून आणला. अंगभर पुरळ उठलेलं बाळ, डोळे चिकटलेले. खाली लाल अक्षरांत ‘आज टाळाल, उद्या रडाल’. बघून माझ्याच पोटात गोळा आला. तो म्हणतो, "ताई, घाबरल्याशिवाय लोक हलत नाहीत."

मला तो लावावासा वाटत नाही. कारण विचाराल तर एक जुनी गोष्ट आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्यांसाठी. तेव्हा मी शाळेत शिकवत होते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश वाचून पालक सही करायला तयार नव्हते. मी पालकसभेत सांगितलं की गोवराने दृष्टी जाते, मेंदूला सूज येते, मूल दगावतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. एका बाईने तिथेच सही केली. लस घेतल्यावर आठव्या दिवशी तिच्या मुलीला ताप आला, अंगावर बारीक पुरळ उठलं. ती मला शाळेच्या फाटकाशी गाठून म्हणाली, "मॅडम, रोगाचं सगळं सांगितलं. तापाचं एक अक्षर नाही सांगितलं." मुलगी दोन दिवसांत बरी झाली. पण त्या घरात धाकटा मुलगा होता, वर्षाचा. त्याला त्यानंतर एकही लस दिली गेली नाही. ती बाई अजून याच वस्तीत राहते.

म्हणून विचारते. भल्यासाठी का होईना, लोकांना घाबरवणं बरोबर आहे का? आणि त्याने खरंच मुलं येतात का?

तर्रीपोहा | रविवार, रात्री ९.५८

लावा ताई, बिनधास्त लावा. पोलिओच्या जाहिरातीत बच्चनसाहेब टीव्हीवरून रागावले तेव्हा आमच्या मायने लहान्याले कडेवर घेतलं आन् चपला न घालता बूथवर गेली. प्रेमानं सांगून कोण ऐकून राहिलं आजकाल?

डॉ_निंबोणी | रविवार, रात्री १०.२५

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नागपुरातच. आधी तुमच्या त्या प्रसंगाबद्दल. गोवराच्या लसीनंतर साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान काही मुलांना ताप येतो, काहींना हलकं पुरळ येतं. लसीतला दुबळा केलेला विषाणू शरीर ओळखतं, त्याची ती खूण. आपोआप जातं. हे आधी सांगितलेलं नसेल तर आईला वाटणार की लसीनेच गोवर दिला. ती चुकीची नव्हती, तिला अपुरी माहिती मिळाली होती.

पण आता दुसरी बाजू ऐका. मी निवासी डॉक्टर असताना वॉर्डात सहा वर्षांचा एक मुलगा आला होता. घटसर्प. घशात राखाडी पडदा, मान सुजून खांद्यापर्यंत आलेली, श्वासाचा आवाज पार दारापर्यंत. अँटिटॉक्सिन दिलं, घसा सुधारला, आम्हाला वाटलं वाचला. दहाव्या दिवशी हृदयाने दगा दिला. घटसर्पाचं विष हृदयाच्या स्नायूपर्यंत जातं, उशिरा. त्याचे वडील कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसले होते. मला म्हणाले, "डॉक्टर, हा रोग इतका वाईट असतो हे आम्हाला कोणीच का नाही सांगितलं?"

तुमच्या त्या आईला तापाचं सांगितलं नाही. या बापाला मरणाचं सांगितलं नाही. माझ्या दृष्टीने दुसरी चूक जास्त मोठी. लसींमुळे हे रोग डोळ्यांसमोरून गेले आणि त्यांची धास्तीही गेली. आजच्या पंचवीस वर्षांच्या आईने घटसर्प पाहिलेला नाही, धनुर्वाताने ताठ झालेलं बाळ पाहिलेलं नाही. तिला ते दाखवायचं नाही, तर मग तिने निर्णय कशावर घ्यायचा? फोटो खरा असेल तर लावा.

सुईदोरा | रविवार, रात्री १०.४१

डॉक्टर, तुमचं वाचून झोप उडाली. त्या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

खुणगाठ | सोमवार, सकाळी ८.१०

मी सामाजिक मानसशास्त्र शिकवते. या प्रश्नावरचा एक जुना प्रयोग सांगते, कारण तो तुमच्या खोलीला जसाच्या तसा लागू पडतो.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या पुस्तिका वाचायला दिल्या. काहींना भडक वर्णनांच्या आणि चित्रांच्या, काहींना सौम्य. भडक वाचलेले जास्त घाबरले, लस घ्यायला हवी असंही जास्त जणांनी म्हटलं. पण प्रत्यक्ष लस घेण्यात भडक की सौम्य याने फरक पडला नाही. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. काही जणांना आरोग्य केंद्रावर खूण केलेला नकाशा दिला होता आणि तुमच्या आठवड्यात तिथे कधी जाल ते आत्ताच ठरवा म्हणून सांगितलं होतं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के लस घ्यायला गेले. नकाशा न दिलेल्यांतले ३ टक्के. आणि ही सगळी मुलं त्याच आवारात राहणारी, केंद्र कुठे आहे ते बहुतेकांना माहीत असणार!

दुसरा अभ्यास २०१४ चा, ब्रेंडन नायहन यांचा, सतराशेहून जास्त पालकांवरचा. गोवराने आजारी पडलेल्या मुलांचे फोटो दाखवल्यावर लस घेण्याची तयारी वाढली नाही. उलट लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते हा गैरसमज त्या गटात वाढलेला दिसला. आजारी मुलाचा फोटो आणि ‘लस’ हा शब्द शेजारी शेजारी आले की मनात दोन्हींची गाठ बसत असावी, असा माझा अंदाज. तुमच्या फ्लेक्सवर नेमकं तेच आहे.

काळी_माती | सोमवार, सकाळी ९.३५

खुणगाठ, नाण्याची दुसरी बाजू तुम्ही दाखवली नाहीत. २०१५ मध्ये टॅननबॉम आणि सहकाऱ्यांनी भीती दाखवणाऱ्या संदेशांवरचे १२७ शोधनिबंध एकत्र तपासले. निष्कर्ष होता की असे संदेश एकंदरीत परिणामकारक ठरतात, आणि जे काम एकदाच करायचं असतं त्यासाठी जास्त. उलटा परिणाम होतो असं त्यांना सर्वसाधारणपणे आढळलं नाही. लस टोचणं म्हणजे सिगारेट सोडण्यासारखं रोजचं झगडणं नाही, एका दिवसाचं काम आहे. मग एका अभ्यासावरून सगळ्या भीतीला बाद कसं करता?

खुणगाठ | सोमवार, सकाळी १०.०२

बरोबर आहे तुमचं, तो अभ्यास मी सांगायला हवा होता. फक्त त्यातलीच आणखी एक गोष्ट जोडते. भीतीसोबत ‘यावर हा उपाय आहे आणि तो तुम्हाला जमेल’ असं सांगितलं तर परिणाम जास्त होतो, हेही त्यांना दिसलं. मी भीती बाद करत नाहीये. भीती दाखवून दार बंद ठेवू नका, इतकंच माझं म्हणणं.

हिंगणा_शिफ्ट | सोमवार, दुपारी २.१५

जेवणाच्या सुट्टीत वाचून राहिलो. सगळे शिकलेले लोक भीतीवर बोलून राहिले. माझं ऐका. मी हिंगणा एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, बायको चार घरची कामं करते. आमच्या पोरीचा दुसरा डोस राहिला होता. काहून? आमच्याकडचं सत्र मंगळवारी सकाळी दहा ते दोन. मी सुट्टी घेतली तर रोजी कापली जाते. बायकोनं दोन घरं चुकवली तर तिसऱ्या महिन्यात दुसरी बाई लागते तिथं. मले गोवराची भीती नाही का? मोठ्या साळ्याचं पोरगं गोवरानंच गेलं होतं. मी तो फ्लेक्स पाहिला असता तर घरी येऊन बायकोवर ओरडलो असतो, तिनं माझ्यावर. डोस तरी राहिलाच असता.

ताई, सत्र किती वाजता असते तुमच्याकडं, ते आधी सांगा.

सुईदोरा | सोमवार, दुपारी ३.३०

मंगळवार. दहा ते दोन.

दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा वर्ग सकाळचा असतो म्हणून मीच ती वेळ सुचवली होती.

रेशीमबागकर | सोमवार, सायं. ६.२०

माझं वय ७३. दोन्ही दंडांवर देवीच्या लसीचे वण आहेत, नातवंडं बोट लावून विचारतात. आमच्या लहानपणी लस टोचण्याला ‘देवी काढणं’ म्हणत. देवीचे डॉक्टर गावात आले की आजी मला कणगीमागे लपवायची. तिला रोगाची भीती नव्हती असं नाही, तिची दोन मुलं देवीने गेली होती. पण तिच्या लेखी तो रोग म्हणजे मातेचं येणं. सुईने तिला अडवलं तर ती आणखी कोपेल ही मोठी भीती. मग त्या डॉक्टरने काय करावं? आजीच्या भावाकडे म्हशींचा गोठा होता. तिथे जाऊन बसला, दूध प्यायला, स्वतःच्या दंडावरचा वण दाखवला आणि म्हणाला, "माय, मला चार पोरं आहेत, चौघांच्या दंडावर हा आहे." आजीने कणगीमागून मला ओढून काढलं.

१९७५ नंतर देशात देवीचा रोगी नाही आणि १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. आजी ते ऐकायला नव्हती.

तसं घाबरवून रोग पळवायची आपल्या नागपूरची जुनीच रीत आहे. तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते ना, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’. पण तिथे आपण रोगाला घाबरवतो, माणसाला नाही!

तर्रीपोहा | सोमवार, सायं. ६.३१

काका, हे शेवटचं वाक्य फ्लेक्सवर टाका 🙂

पण मग सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत तो सडलेल्या तोंडाचा फोटो कशाले छापते सरकार? काही उपयोग होत असंन म्हणूनच ना?

इतवारी_जुनी | सोमवार, सायं. ६.५०

सिगारेटचं माहीत नाही. पण नागपूरचा माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, आणि खर्रा पानठेल्यावर घोटून साध्या पन्नीत बांधून मिळतो. त्या पन्नीवर कुठला फोटो? माझ्या भावाला जबड्याचं ऑपरेशन झालं. रोज आरशात त्याच्यापुढे तो फोटो असतो, आणि भाऊ अजूनही अधूनमधून पुडी आणतो. नुसत्या भीतीने माणूस सुटत नाही हो. त्याला कोणीतरी सोडवावं लागतं.

सिस्टर_माय | सोमवार, रात्री ८.४५

मी निवृत्त एएनएम, म्हणजे लस टोचणारी सरकारी सिस्टर. सावनेर तालुक्यात पहिली पोस्टिंग, मग कामठी, शेवटची दहा वर्षं शहरात. एकूण ३१ वर्षं. मले अभ्यास-बिभ्यास माहीत नाही, पण भीतीचं थोडं कळते.

पहिली गोष्ट. पोरांच्या मनात सुईची भीती कोण घालते? आयाच. "जेव, नाहीतर सिस्टर येईन, टुचकन टोचन." दोन वर्षं हेच ऐकलेलं पोट्टं पाच वर्षांच्या बूस्टरले पलंगाखाली लपते. मग माय म्हणते, सिस्टर, हा येतच नाही.

दुसरी. आम्हाले ट्रेनिंगमध्ये चार गोष्टी घोकून घेतल्या होत्या, दर आईला सांगायच्या. आज कोणती लस दिली आन् ती कोणत्या रोगावर. काय त्रास होऊ शकते आन् झाला तर काय करायचं. पुन्हा केव्हा यायचं. कार्ड जपून ठेवायचं, येताना आणायचं. आन् अर्धा तास बसवून ठेवायचं. इतकंच. पण सत्रात साठ पोरं रडून राहिली, मागं अहवाल भरायचा, तर दुसरी गोष्ट गळते. दर वेळी दुसरीच गळते. काहून सांगू? आम्हालेच भीती वाटते का तापाचं सांगितलं तर बाई उठून जाईन.

मी हे पाहिलं आहे ताई. तापाचं सांगितलेली बाई उठून जात नाही. न सांगितलेली परत येत नाही. तुमच्या त्या बाईसारखी.

डॉ_निंबोणी | सोमवार, रात्री ९.१०

सिस्टर, नमस्कार तुम्हाला. हे मी माझ्या निवासी डॉक्टरांना उद्याच वाचून दाखवतो.

लिंबूसरबत | सोमवार, रात्री ११.०५

मी इथे फारसं लिहीत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत एका मॉडेलच्या खात्यावरून बातमी आली की ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच समोर आली आणि म्हणाली, जनजागृतीसाठी केलं. माझी आई त्याच कर्करोगाने गेली आहे. ती बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. शंकरनगरला उतरले आणि तिथेच फुटपाथवर बसून राहिले. आईचे शेवटचे चार महिने, तो वास, तिचं "मला झाकून ठेव" म्हणणं, सगळं अंगावर आलं. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ते खोटं होतं.

लोक म्हणाले, त्या निमित्ताने देशभर चर्चा तर झाली. झाली असेल. पण ज्यांनी हा रोग घरात पाहिलाय त्यांच्या दुःखावर पाय देऊन झाली. या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात दिली तर सगळ्यात चांगली लागू पडते आणि पुण्यातल्या सीरमने आपल्या देशातली लसही आणली आहे, हे साधं सत्य सांगायला कोणाला मरावं लागत नाही. मी माझ्या पुतणीला लस दिली. आईचं सांगितलं तिला, तिच्या वयाला झेपेल एवढं. ती घाबरली, पण मी तिचा हात धरून होते. सुईदोरा ताई, फ्लेक्स कोणाचाही हात धरत नाही.

माहेर_मोमीनपुरा | मंगळवार, सकाळी ७.४०

पोलिओच्या वेळचं सांगते. मी तेव्हा आठवीत असेन. आमच्या गल्लीत अफवा होती की थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत. बाहेरच्यांना ते अडाणीपण वाटायचं. पण माझ्या दादीला १९७६ ची नसबंदी आठवत होती, तिच्या दिराला कसं नेलं ते आठवत होतं. सरकारी माणूस दारात आला की तिचं काळीज धडधडायचं. तिला कुणी "पोरगा लंगडा होईल" म्हणून धमकावलं की ती दार आणखी घट्ट लावायची. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून काय मिळणार?

शेवटी माझ्या खालाने बूथवर काम धरलं. ती दारात यायची, चहा प्यायची, पहिले दोन थेंब स्वतःच्या जिभेवर घ्यायची आणि मग म्हणायची, "अब दे." दादी काही बोलायची नाही, पोराला पुढे करायची.

जुनी_वही | मंगळवार, सकाळी ८.५५

वरच्या प्रतिसादावरून प्लेगचं साल आठवलं. १८९७. जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० तारखेला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसं ओढून नेली. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोग एकच, वर्ष एकच. आणि त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. लोकांनी विश्वास कोणावर ठेवला ते मला वेगळं सांगायला नको.

कॉटनमार्केट | मंगळवार, दुपारी १२.३०

दोन दिवस वाचतोय, लिहावं की नाही ठरत नव्हतं. लिहितो.

माझा जन्म १९७९ चा. दीड वर्षाचा असताना ताप आला, चौथ्या दिवशी उजवा पाय गेला. पोलिओ. आजही कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, लावूनच चालतो, आमचं भाजीचं दुकान आहे. वडिलांना कोणी थेंबांबद्दल सांगितलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टर म्हणतात तो राग मला कळतो. माझ्या घरात तो राग चाळीस वर्षं जेवायला बसतो.

म्हणून १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा मी सोळाव्या वर्षी बूथवर स्वयंसेवक म्हणून गेलो. आपल्याच हाताने पोरांच्या करंगळीला शाई लावायची, याचा आनंद मला कसा सांगू? बूथच्या मागे पोस्टर होतं. त्यात कुबड्या घेतलेला, वाळल्या पायाचा मुलगा. दुपारी एक बाई पोराला घेऊन आली. पोरगं तोंड उघडेना. तिने आधी पोस्टरकडे बोट दाखवलं. ते ऐकेना. मग तिने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. "थेंब नाही घेतले तर असा होशील."

पोराने तोंड उघडलं. थेंब गेले. काम झालं. मी शाई लावली. संध्याकाळी घरी गेलो आणि पुढच्या दोन फेऱ्यांना बूथवर गेलो नाही.

तिच्यावर माझा राग नाही. ती मुलाला वाचवत होती. पण त्या दिवशी मला कळलं की पोस्टरमधला मुलगाही कुठेतरी राहत असेल, त्यानेही ते पोस्टर पाहिलं असेल. मी तो फोटो आहे ताई. माझ्याकडे बघून पोरं लस घेणार असतील तर मी रोज चौकात उभा राहायला तयार आहे, पण माझं मी सांगेन. माझं दुकान आहे, माझी मुलगी बारावीला आहे, पायाला उन्हाळ्यात कॅलिपरखाली फोड येतात आणि हे टळू शकलं असतं, हे सगळं मिळून सांगेन. नुसता पाय नाही दाखवणार.

१३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला. २७ मार्च २०१४ ला आपला दक्षिण-पूर्व आशियाचा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या रात्री मी दुकान उशिरा बंद केलं. गिऱ्हाइकांना फुकट कोथिंबीर वाटली, कारण कोणालाच सांगितलं नाही.

आणि तुमच्या फ्लेक्सवरचं ते बाळ कोणाचं आहे? त्याच्या आईला विचारलंय का?

डॉ_निंबोणी | मंगळवार, दुपारी १.१५

कॉटनमार्केट, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी ‘फोटो खरा असेल तर लावा’ असं लिहिलं होतं. खरं असणं पुरेसं नाही, हे मला आज तुमच्यामुळे कळलं. त्या घटसर्पाच्या मुलाच्या वडिलांना मी कोणतं पोस्टर दाखवलं असतं, याचा विचार करतोय. बहुतेक कोणतंच नाही. त्यांच्यासोबत दहा मिनिटं बसलो असतो.

मात्र एका गोष्टीवर मी ठाम आहे. रोगाची तीव्रता लपवायची नाही. गोवर म्हणजे चार पुरळ आणि कडुलिंबाचा पाला नव्हे. लस न घेतलेल्या दहा मुलांमध्ये गोवराचा एक रोगी बसला तर नऊ जणांना तो लागू शकतो, रोगी खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून समाजात ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली, ते आपण पाहिलं. हे स्पष्ट सांगा. आवाज न चढवता.

काळी_माती | मंगळवार, दुपारी २.०५

यावर माझंही मत जुळतं. माझा मुद्दा एवढाच होता की भीती म्हणजे पाप नव्हे. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात रोज माणसं जात होती, तेव्हा मी पहाटे पाचला लसीच्या रांगेत उभा होतो तो भीतीनेच. साडेनऊला पाटी लागली, ‘आज लस उपलब्ध नाही’. तीन दिवस तसंच. तेव्हा जी चीड आली ती अजून आठवते. आधी घाबरवायचं आणि मग दार बंद. खुणगाठ म्हणतात ते हेच असावं.

सुईदोरा | बुधवार, रात्री १०.१५

फ्लेक्सवाल्या मुलाला हा सगळा धागा वाचायला दिला. कॉटनमार्केट भाऊंचं वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तो फोटो मी नेटवरून उचलला होता." आम्ही दोघांनी बसून नवा मजकूर केला. सुधारणा सांगा:

‘गोवर-रुबेलाचा दुसरा डोस. मूल १६ ते २४ महिन्यांचं असेल तर. आधी राहून गेला असेल तरीही या, सिस्टरांना विचारा. गोवर जिवावर बेतू शकतो, लसीने टळतो. लसीनंतर आठवडाभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकतं, दोन-तीन दिवसांत जातं. तापाचं औषध कसं द्यायचं ते सिस्टर सांगतील. शिवणवर्गाची खोली, हनुमान मंदिरामागे. रविवार, सकाळी ८ ते १२.’

रविवार लिहिलंय, कारण सिस्टर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलल्या आणि या महिन्यापुरतं सत्र रविवारी घ्यायचं ठरलं. हिंगण्याच्या दादांचे आभार.

सिस्टर_माय | बुधवार, रात्री १०.४०

छान आहे. ‘ताप जास्त असला किंवा झटका आला तर लगेच दवाखान्यात’ हे टाका. आन् सिस्टरचं नाव टाका. लोक नावाकडं येतात.

हिंगणा_शिफ्ट | बुधवार, रात्री ११.५०

‘कामावर जाणाऱ्यांसाठी रविवारी’ असं मोठ्या अक्षरात टाका ताई. ते पाहिलं का माणूस थांबते.

सुईदोरा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.२०

आज सत्र झालं. यादीत २४, आली १७. फ्लेक्समुळे की रविवारमुळे ते मला सांगता येणार नाही. चार बाप स्वतः मुलांना घेऊन आले, हे मी या खोलीत पहिल्यांदा पाहिलं. एकाने ताप किती दिवसांनी येतो ते दोनदा विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

आणि काल मी त्या बाईकडे गेले होते. २०१८ च्या. इतकी वर्षं पाय उचलत नव्हता. दारातच म्हणाले, तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं, ते चुकलं माझं. तिने आत बोलावलं. मुलगा समोर अभ्यास करत होता, चांगला उंच झालाय. मी सांगितलं की राहिलेल्या लसींपैकी काही अजूनही देता येतात, डॉक्टरांना विचारून आलेय. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पेटी उघडून खाली-वर करत राहिली आणि म्हणाली, "कार्ड कुठे ठेवलं ते सापडत नाही. शोधते."

सिस्टर_माय | रविवार, रात्री ९.३४

कार्ड नसलं तरी चालते म्हणा तिले. पोराले घेऊन ये फक्त. नवीन बनवून देतात.